संकटकाळचे स्तवन

वार्षिक अंक म्हटला म्हणजे त्यात आनंदाच्याच वार्ता असाव्यात, अशी आपणा सर्वांची समजूत असते. परीक्षेत कोणी किती गुण मिळविले, खेळांत कोणती ढाल जिंकली, स्नेहसंमेलनात कोणते नाटक झाले, हे वाचताना विद्यार्थ्यांस अभिमान वाटतो व पालकांसही समाधान होते. परंतु वर्ष केवळ बक्षिसांचे बनलेले नसते. याच वर्षात कोणाच्या घरी मृत्यू येऊन गेलेला असतो; कोणाचे पीक डोळ्यांदेखत करपून गेलेले असते; कोणाचे आईबाप ऊसतोडीसाठी दूर गेलेले असून तो आजीजवळ राहून शाळेत येत असतो. तोच विद्यार्थी सकाळी प्रार्थनेच्या वेळी आपल्या रांगेत उभा राहून इतरांबरोबर देवाचे स्तोत्र गातो. त्याच्या ओठांवरील शब्दांचे व त्याच्या अंतःकरणातील स्थितीचे नाते काय, याविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटते.

आपल्या ख्रिस्ती समाजात एक रीत पडून गेली आहे. कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला की मंडळीतील लोक भेटीस जातात. ही गोष्ट स्तुत्यच आहे. परंतु तेथे बसल्यावर कोणी तरी वडीलकीच्या स्वराने म्हणतो, "रडू नका, बाई. देवाची स्तुती करा. ख्रिस्ती माणसाने शोक करू नये." हे बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्या मातेचे मूल कालच मातीत ठेवले, तिला हे शब्द कसे लागत असतील, याचा तो विचार करीत नाही. दुःख हेच ओझे तिला पुरेसे होते. त्यावर आता आपण रडलो हाही एक अपराध झाला, असे दुसरे ओझे तिच्या मस्तकी येते. आमचे मत स्पष्ट आहे. संकटकाळचे स्तवन ही ख्रिस्ती जीवनातील अत्यंत मोलाची वस्तू आहे; आणि मोलाची आहे म्हणूनच ती कोणी कोणाकडून मागून घेण्याची वस्तू नव्हे. ती ज्याची त्याने अर्पावयाची असते.

पवित्र शास्त्र या बाबतीत काय शिकविते ते पाहू. ईयोबाच्या पुस्तकाच्या आरंभी सैतान देवापुढे जो प्रश्न टाकतो, तोच या सर्व विषयाचा गाभा होय. ईयोब देवाला भितो तो काही लाभावाचून भितो काय, असा त्या प्रश्नाचा रोख आहे. गुरेढोरे, मुलेबाळे, मानमरातब हे सर्व आहे तोवर स्तुती करण्यात नवल ते काय? तो तर व्यवहार झाला. घेतलेल्या मालाची किंमत चुकती केली, इतकेच. हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःस विचारावा असा आहे. पाऊस वेळेवर झाला, मुलगा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला, म्हणजे आपण उपकारस्तुतीचे दान देतो. पाऊस न पडला व मुलगा नापास झाला तर आपले मुख उघडते काय? सुखाच्या दिवसांतील स्तुती खरी की व्यवहाराची, हे सुखाच्या दिवसांत समजत नाही. ते संकटातच कळून येते.

परंतु त्याच पुस्तकात दुसराही एक धडा आहे व तो आपण सहसा वाचून पुढे जातो. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या भेटीस आले व सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्या वेळात कोणी त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही. मित्रांच्या हातून झालेले सर्वांत उत्तम काम ते हेच. पुढे त्यांनी तोंड उघडले, देवाच्या वतीने मोठमोठी व्याख्याने दिली, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर उपदेश करणाऱ्या त्या मित्रांवर. समाचारास जाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पदरी बांधून ठेवावी.

स्तोत्रसंहितेचेही असेच आहे. तिला आपण स्तुतीचे पुस्तक म्हणतो आणि शेवटची पाच स्तोत्रे तर केवळ स्तुतीचाच गजर आहेत. परंतु तिच्यातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देवा, तू कोठे आहेस, किती काळ मला विसरणार, असा त्यांचा सूर आहे. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या अखेरीस समाधानाची एकही ओळ नाही. तरीही ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी ते स्तोत्र गाळले नाही. देवापुढे केलेला आक्रोश हाही उपासनेचाच एक भाग आहे, असे त्यांना वाटले असले पाहिजे. जो देवाशी भांडतो त्याने देवाकडे पाठ फिरविलेली नसते. पाठ फिरविणारा मनुष्य मुकाट्याने निघून जातो.

आणि स्वतः प्रभू येशूकडे पाहा. लाजराच्या कबरेशी तो रडला. आपण आता याला उठविणार हे ठाऊक असूनही रडला. आपल्या अखेरच्या रात्री शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊन तो जैतुनांच्या डोंगराकडे गेला. त्याच रात्री त्या डोंगरावर त्याचा जीव अतिशय खिन्न झाला. आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याने जो आक्रोश केला तोही एका जुन्या स्तोत्राच्याच शब्दांनी केला. गीत, अश्रू व आक्रोश ही तिन्ही एकाच चोवीस तासांत त्या एकाच मुखातून निघाली. मग आपल्या मंडळीतील शोकाकुल विधवेने फक्त गीतच गावे, असा हट्ट धरणारे आपण कोण?

आता हे सर्व दूर देशच्या व प्राचीन काळच्या गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणेल. तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. आपला नगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, हा पर्जन्याच्या बाबतीत मोठा विलक्षण आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस पाथर्डी, जामखेड, कर्जत या बाजूंस शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो. १८७६-७७, १८९६-९७, १८९९-१९०० हे दुष्काळ आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी सोसले. १९७२चा दुष्काळ सांगणारे वृद्ध तर अजून आपल्या गावांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळाच्या जोडीला प्लेगही आला. अशा या कोरड्या भूमीत मराठी ख्रिस्ती भजन-कीर्तनाचे पीक मात्र भरघोस यावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कृष्णराव सांगळे नगरचेच. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तन करण्याची परंपरा याच शहरात रुजली. आणि ज्यांची गीते आज महाराष्ट्रातील घरोघरच्या उपासनेत गायिली जातात, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्याचा फार मोठा भाग याच नगरात गेला.

टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांस काय सोडावे लागले हे आज आपणांस नीट समजणारही नाही. जात गेली, आप्त गेले, आणि पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा दत्तू हीही काही वर्षे दुरावली. त्या काळात लक्ष्मीबाईंनी जे सोसले ते तर त्याहूनही अधिक. पोटच्या लेकरांचे मृत्यू त्यांनी पूर्वीच पाहिले होते. आता पती जिवंत असून नसल्यासारखा झाला. पुढे त्या परत आल्या व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. ते ज्यांनी वाचले असेल त्यांस ठाऊक आहे की, या बाईंनी आपले दुःख लपविले नाही आणि आपले हसूही लपविले नाही. पतीशी झालेली भांडणे, आलेला राग, पडलेले पेच, सारे काही त्यांनी सांगून टाकले. देवाची स्तुती करणाऱ्या स्त्रीने सदैव गंभीर मुद्रेने व गोड शब्दांनीच बोलावे असा नियम असता, तर लक्ष्मीबाई त्या परीक्षेत पहिल्याच दिवशी नापास झाल्या असत्या. परंतु देवाच्या परीक्षेचे नियम वेगळे असावेत.

टिळकांनी प्रभूचे चरित्र ओवीबद्ध रचावयास घेतले होते. त्या 'ख्रिस्तायना'चे सुमारे दहा अध्याय लिहून होतात न होतात तोच १९१९ साली त्यांचा अंत झाला. काव्य अपुरे राहिले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, पतीकडून. अशा त्या विधवेने ते काव्य हाती घेतले व त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. १९३६ साली त्याही गेल्या. शेवट त्यांच्या मुलाने केला. एका घरातील तिघांच्या हातांनी एक स्तोत्र पूर्ण झाले. आम्हांस यात संकटकाळच्या स्तवनाचे खरे रूप दिसते. एकाचा स्वर मृत्यूने तोडला तर दुसरा तेथून उचलतो. ज्याला आज गाता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने गावयाचे असते, आणि मंडळी ही वस्तू देवाने निर्माण केली ती बहुधा याचसाठी.

येथे एक आक्षेप निघेल, व तो हुशार विद्यार्थ्यांच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. संकटात स्तुती करावयास शिकविणे म्हणजे लोकांना हातपाय गाळून बसावयास शिकविणे नव्हे काय? उपाशी माणसाच्या हाती टाळ दिला म्हणजे त्याला भाकरी मागण्याचा विसर पडावा, हाच यातला हेतू नसेल कशावरून? आक्षेप योग्य आहे. जगात अशी स्तुती शिकविणारे लोक झाले आहेत हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आपल्या जिल्ह्याचा इतिहास निराळे सांगतो. रेव्हरंड डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईस झाला. ते १८७४ साली नगरास आले आणि त्यांनी सुमारे अर्धशतक येथे घालविले. १९००च्या दुष्काळात त्यांनी अन्नवाटपाची व पोरक्या मुलांच्या संगोपनाची जी व्यवस्था पाहिली, तिच्यासाठी सरकारने १९०१ साली त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. पोरक्या मुलांस केवळ गाणी शिकवून भागले नाही. सुतारकाम, गालिचे विणणे असे पोट भरण्याचे धंदे शिकविण्यात आले. डी. सी. चर्चिल या अमेरिकन अभियंत्याने तर नगरात बसून हातमागात सुधारणा केल्या, ते गरीब विणकराचे कष्ट कमी व्हावेत म्हणून. त्या मुलांच्या मुखी भजन होते व हाती मागाचा धोटा होता. यांतले एक दुसऱ्याच्या आड आले नाही.

आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील केडगावचे उदाहरण याहूनही बोलके आहे. पंडिता रमाबाईंनी १८७४च्या सुमारास दुष्काळाच्या वणवणीत थोड्याच महिन्यांच्या अंतराने आई, बाप व थोरली बहीण गमावली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे. पुढे पतीही विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच गेले. १८९६-९७च्या दुष्काळाची वार्ता आली तेव्हा आपली भूक त्यांना आठवली, आणि त्या स्वतः मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावास जे घर उभे राहिले त्याचे नाव 'मुक्ती'. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली व पुढील वर्षी त्याही गेल्या. परंतु बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. स्वतः भोगलेले दुःख दुसऱ्याच्या भाकरीत पालटून टाकणे, यापरते मोठे स्तवन कोणते?

फिलिप्पै येथील तुरुंगाची कथाही या दृष्टीने पुन्हा वाचावी. पौल व सीला यांस फटके मारून पाय खोड्यात अडकविले असता ते मध्यरात्री देवाला स्तोत्रे गात होते, येवढे आपण लहानपणापासून पाठ केले आहे. पुढचा भाग आपण विसरतो. सकाळी अधिकाऱ्यांनी, त्यांना गुपचूप सोडून द्या, असा निरोप पाठविला, तेव्हा पौलाने जाण्याचे साफ नाकारले. चौकशी न करता आम्हांस उघडपणे मारले आहे, तर आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, असे त्याने बजावले. रात्री गीत गाणारे तोंड सकाळी अन्यायाविरुद्ध बोलावयास कचरले नाही. देवाची स्तुती करणाऱ्याने मनुष्यांचा जुलूम मुकाट्याने सोसलाच पाहिजे, असे त्या कथेत कोठेही नाही.

आपल्या स्वतःच्या आठवणीतले संकट घ्या. २०२० सालचा पुनरुत्थानाचा सण आपण सर्वांनी घरी बसून केला. मंदिरांस कुलुपे होती. २०२१च्या उन्हाळ्यात तर अनेक घरांतील माणसे रुग्णालयात गेली ती परत आली नाहीत, आणि पुष्कळांस अखेरचे दर्शनही लाभले नाही. त्या दिवसांत मोबाइलवर एकमेकांस ऐकू येईल अशा बेताने कुटुंबे भजने गात असत. सूर जुळत नसत. एकाचे कडवे संपे तेव्हा दुसऱ्याचे अर्ध्यावर असे. संगीताच्या दृष्टीने ते गायन अगदीच सदोष. तरी आमच्या मते त्या वर्षाइतके खरे गायन आपल्या मंडळ्यांनी क्वचितच केले असेल. ज्यांस गाता आले नाही, ज्यांनी आवाज बंद ठेवून नुसते ऐकले, त्यांचे मौनही त्या उपासनेतच जमा झाले असले पाहिजे.

त्या दिवसांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ज्यांस गीते तोंडपाठ होती त्यांस ती अंधारात सापडली. ज्यांनी ती केवळ पुस्तकात पाहून म्हटली होती त्यांस पुस्तक शोधावे लागले. आणि संकटात पुस्तक शोधण्याइतके धैर्य कोणास असते? विहीर खणावयाची ती पाणी आटण्यापूर्वी, हे आपल्या नगरच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. स्तुतीची विहीरही सुखाच्या दिवसांतच खणून ठेवावी लागते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आमचे सांगणे असे. प्रातःकाळच्या प्रार्थनेत जी गीते तुम्ही आज कंटाळत, शेजाऱ्यास कोपराने ढोसत म्हणता, ती नीट पाठ करून ठेवा. त्यांचा अर्थ आज न उमगला तरी चालेल. ती तुमच्या सामानात असू द्या. पुढे एखाद्या रात्री ती तुमच्या कामी येतील. तुमच्या वर्गातील एखाद्याच्या घरी दुःख झाले तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या बाकावर त्याच्याजवळ बसा. त्याचे बुडालेले धडे आपल्या सुंदर अक्षरात उतरून द्या. डबा खाताना त्याला एकटे सोडू नका. प्रार्थनेच्या वेळी तो गात नसेल तर त्याच्याकडे वळून पाहू नका. तुम्ही मात्र थोडे मोठ्याने गा, म्हणजे त्याचा वाटा तुमच्या स्वरात येऊन जाईल.

आणि पालकहो, तुम्हांसही नम्र विनंती आहे. मूल नापास झाले किंवा आजारी पडले, तर ही देवाची शिक्षा आहे असे त्याला कधीही सांगू नका. ईयोबाच्या मित्रांनी तेच सांगितले होते. घरात संकट आले असता मुलांपासून आपले अश्रू सर्वस्वी लपवू नका. आई रडली, आणि रडून झाल्यावर तिने कंदील लावला, भाकऱ्या थापल्या व रात्रीची प्रार्थना चुकविली नाही, हे ज्या मुलाने पाहिले त्याला संकटकाळच्या स्तवनावर निराळे प्रवचन ऐकण्याची गरज उरत नाही. मात्र ज्या रात्री तिला प्रार्थनेस शब्द सुचणार नाहीत, त्या रात्री बापाने ती प्रार्थना करावी. बापाला न सुचल्यास आजीने करावी. आणि कोणासच न सुचल्यास सर्वांनी दिव्याभोवती घटकाभर निमूट बसावे. देव त्या बसण्याचाही अर्थ जाणतो.

पुढील वर्षी पाऊस कसा होईल, कोणाच्या घरात काय घडेल, हे आपल्या हाती नाही. पण शेजारच्याचा स्वर थांबला असता आपण गात राहावे, आणि आपला थांबला असता शेजारच्याचा ऐकून धीर धरावा, येवढे तरी आपल्या हाती आहे. ते आपल्या शाळेतील प्रत्येकास व प्रत्येकाच्या घरास साधो, हीच कृपाळू पित्याजवळ आमची प्रार्थना.